स्टेज थ्री-बी म्हणजे नेमकं काय? मावशीच्या रिपोर्टवरून शिकलेलं गणित

(ज्यांना ऐकायला वेळ होत नाही त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतोय. बोलण्यातले 'अं', 'म्हणजे' आणि मध्येच शिट्टी मारणारा शेजारचा कुकर काढलाय. बाकी बोललो तसंच आहे.)



आज कोडिंग नाही, नोकरी नाही, पगाराची बोलणी पण नाहीत. आज कॅन्सरबद्दल बोलायचंय, आणि तोही फारसा कुणी न ऐकलेला. लिव्हरच्या आत ज्या बारीक पित्तनलिका असतात त्यांचा कॅन्सर. डॉक्टरी नाव इंट्राहेपॅटिक कोलँजिओकार्सिनोमा. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते तीनदा वाचावं लागलं होतं.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. बीटेक आहे, सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. पण तुमच्यातल्या बऱ्याच जणांचं घरात जे होतं तेच माझंही होतं. घरातला 'कॉम्प्युटरवाला' मी. त्यामुळे कुणाचाही रिपोर्ट आला की व्हॉट्सअॅपवर पीडीएफ आधी मला येते. खाली मेसेज असतो, "बघ बरं काय लिहिलंय."

तर २०२१ च्या दिवाळीनंतर माझ्या मावशीची पीडीएफ आली. तिने सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कूलमध्ये तीस वर्षं गणित शिकवलं. नुकतीच रिटायर झाली होती. उजव्या बरगडीखाली जड वाटायचं, भूक कमी झाली होती, वजन उतरलं होतं. ती म्हणायची, "ॲसिडिटी आहे रे." सोनोग्राफी केली तर लिव्हरच्या उजव्या भागात गाठ.

काकांचा पहिला प्रश्न होता, "अरे पण हिला कावीळ कुठं झालीय?" बरोबर प्रश्न होता. पित्ताचा आजार म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर पिवळे डोळे येतात. हे मला नंतर समजलं ते सांगतो. शेतात पाण्याचे पाट असतात ना, बारीक चाऱ्या मोठ्या पाटाला मिळतात, तसं लिव्हरमध्ये पित्ताचं आहे. बारीक नलिका एकमेकींना मिळत मिळत लिव्हरच्या दारापाशी एक मोठी नळी होते आणि ती पुढे आतड्यात जाते. कॅन्सर त्या दारापाशी किंवा पुढच्या नळीत झाला तर मुख्य पाटच तुंबतो आणि कावीळ लवकर दिसते. पण आतल्या एखाद्या चारीत झाला तर बाकीच्या चाऱ्या वाहत राहतात. कावीळ होत नाही, फारसं दुखत नाही, आणि गाठ गुपचूप वाढते. म्हणून हा प्रकार बऱ्याचदा उशिरा सापडतो, कधी कधी दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत.

मग सीटी स्कॅन, बायोप्सी. लिव्हरमधली गाठ दुसऱ्या अवयवातून आलेलीही असू शकते, म्हणून एंडोस्कोपी, कोलोनोस्कोपी, मॅमोग्राफी पण झाली. दुसरीकडे काही नव्हतं. गाठ तिथलीच होती. साधारण सहा सेंटिमीटर, एकच, मोठ्या रक्तवाहिनीत शिरलेली दिसत नव्हती, आजूबाजूच्या लिम्फ नोड म्हणजे लसिका ग्रंथी सुजलेल्या नव्हत्या. रिपोर्टवर लिहिलं होतं टी वन-बी, एन झिरो, एम झिरो.

मी गूगल केलं आणि फॅमिली ग्रुपवर जाहीर केलं, "फर्स्ट स्टेज आहे. ऑपरेशन झालं की विषय संपला." अंगठे आले, हात जोडलेले आले, गणपतीबाप्पा आले. मला फार बरं वाटलं. त्या मेसेजची मला आजही लाज वाटते.

आता ही अक्षरं काय असतात ते नीट समजून घेऊ, कारण आजचा अर्धा भाग त्यावर उभा आहे.

जगभरात कॅन्सरची स्टेज मांडायची एक पद्धत आहे, टीएनएम. टी म्हणजे ट्यूमर, मूळ गाठ. एन म्हणजे नोड, जवळच्या लसिका ग्रंथी. एम म्हणजे मेटास्टॅसिस, दूर कुठे पसरलाय का. अमेरिकेतल्या एजेसीसी नावाच्या समितीचे नियम बरीच हॉस्पिटलं वापरतात. त्यांची आठवी आवृत्ती २०१८ पासून वापरात आली. गंमत म्हणजे २०१० च्या सातव्या आवृत्तीपर्यंत या कॅन्सरला स्वतःचे नियमच नव्हते. लिव्हरच्या नेहमीच्या कॅन्सरच्या नियमांतच याला बसवायचे.

आठव्या आवृत्तीत असं आहे. गाठ एकच, रक्तवाहिनीत शिरलेली नाही आणि पाच सेंटिमीटर किंवा त्याहून लहान, तर टी वन-ए. तशीच पण पाचपेक्षा मोठी, तर टी वन-बी. रक्तवाहिनीत शिरली असेल किंवा गाठी एकापेक्षा जास्त असतील तर टी टू. लिव्हरवरचं पातळ आवरण फोडून बाहेर आली तर टी थ्री. शेजारच्या अवयवात थेट घुसली तर टी फोर. आकाराला इथे फक्त एका ठिकाणी महत्त्व आहे, पाच सेंटिमीटरच्या रेषेवर. बाकी सगळं गाठ 'कुठे पोचली' यावर आहे. आपण घरी मात्र पहिला प्रश्न विचारतो, "केवढी आहे?"

आता यातून स्टेज कशी निघते? नोड स्वच्छ आणि दूर पसरलेला नाही असं असेल तर टी वन-ए म्हणजे स्टेज वन-ए, टी वन-बी म्हणजे वन-बी, टी टू म्हणजे स्टेज टू, टी थ्री म्हणजे थ्री-ए आणि टी फोर म्हणजे थ्री-बी. पण एक नियम लक्षात ठेवा. जवळच्या नोडमध्ये कॅन्सर सापडला की गाठ कितीही छोटी असो, स्टेज थेट थ्री-बी. आणि दूर पसरलाय म्हटलं की स्टेज फोर, मग टी आणि एन काहीही असो.

म्हणजे टी पुढचा आकडा ही स्टेज नव्हे. तसंच रिपोर्टमध्ये 'ग्रेड' नावाचं एक असतं. 'ग्रेड थ्री' किंवा 'पुअरली डिफरन्शिएटेड' असं लिहिलेलं असतं. ते मायक्रोस्कोपखाली पेशी किती बिघडलेल्या दिसतात त्याबद्दल आहे. 'ग्रेड थ्री' वाचून 'तिसरी स्टेज' म्हणणारे मी नंतर हॉस्पिटलच्या वेटिंगमध्ये कितीतरी पाहिले. त्यांना हसायचा मला काही हक्क नव्हता.

जानेवारी २०२२ मध्ये पुण्यात ऑपरेशन झालं. लिव्हरचा उजवा मोठा भाग काढला. लिव्हर परत वाढतं, पण उरलेला तुकडा सुरुवातीला संसार चालवण्याइतका असावा लागतो. निरोगी लिव्हर असेल तर साधारण २५ ते ३० टक्के उरलं पाहिजे, लिव्हर आधीच खराब असेल तर त्याहून जास्त. म्हणून हे ऑपरेशन प्रत्येकाला करता येत नाही, आणि ज्यांचं होऊ शकतं ते नशीबवान. बरं होण्याची खरी आशा आज तरी मुख्यतः ऑपरेशनमध्येच आहे.

दहा-बारा दिवसांनी काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट आला. पीडीएफ अर्थातच मला.

मायक्रोस्कोपखाली गाठ बारीक रक्तवाहिन्यांत शिरलेली दिसली होती. म्हणजे टी टू. सात लसिका ग्रंथी काढल्या होत्या, त्यातल्या दोनमध्ये कॅन्सर. म्हणजे एन वन. पीटी टू, पीएन वन. स्टेज थ्री-बी.

वन-बी वरून थेट थ्री-बी.

घरात काय झालं असेल याचा अंदाज तुम्हाला येईल. काका गप्प झाले. आजी म्हणाली, "मी सांगत होते, गाठीला सुरी लागली की पसरतो." दादा, म्हणजे मावशीचा मुलगा, माझ्यावर चिडला, "तू तर फर्स्ट स्टेज म्हणालास!"

हे नीट ऐका, कारण ही समजूत खूप घरांत आहे आणि तिच्यापायी लोक ऑपरेशन टाळतात. ऑपरेशनने मावशीची स्टेज वाढली नव्हती. त्या दोन नोडमध्ये कॅन्सर आधीपासून होता, सीटीला तो दिसला नव्हता. सीटीला मुख्यतः नोडचा आकार दिसतो. न सुजलेल्या नोडमध्ये मूठभर पेशी असतील तर त्या दिसत नाहीत. स्कॅनवरून काढतात ती क्लिनिकल स्टेज. प्रत्यक्ष काढलेला तुकडा तपासून काढतात ती पॅथॉलॉजिकल स्टेज, म्हणून पुढे 'पी' लावतात. आपल्या भाषेत सांगायचं तर बग प्रॉडक्शनमध्ये आधीच होता, लॉग उघडून आपण तो आत्ता पाहिला. आजार तोच होता, आपल्याला माहिती जास्त मिळाली.

आणि म्हणूनच किती नोड तपासले हेही महत्त्वाचं. आठव्या आवृत्तीत किमान सहा नोड तपासावेत अशी शिफारस आहे. एकच नोड काढला आणि तो स्वच्छ निघाला, तर 'नोड स्वच्छ आहेत' या वाक्याला फारसं वजन नसतं. मावशीचे सात काढले होते म्हणून ते दोन सापडले. त्या दिवशी आम्हाला ती वाईट बातमी वाटली. खरं तर ते चांगलं काम होतं.

त्या रात्री मी जे केलं ते तुम्हीही कराल. सर्व्हायव्हल रेट शोधला.

अमेरिकन कॅन्सर सोसायटी या कॅन्सरसाठी पाच वर्षांचे आकडे देते. मी पाहिले तेव्हा ते साधारण असे होते. कॅन्सर लिव्हरपुरताच असताना सापडला तर शंभरातले २३ जण पाच वर्षांनी हयात. जवळच्या भागात किंवा नोडमध्ये गेला असेल तर ९. दूर पसरला असेल तर ३.

नऊ. मी लॅपटॉप बंद केला. सकाळी दादाला फोन केला आणि आम्ही दोघांनी ठरवलं, मावशीला सांगायचं नाही. काकांनाही 'थोडं पुढं गेलंय' एवढंच सांगायचं. फाईल माझ्या बॅगेत राहील. मावशीला म्हणायचं, "रिपोर्ट चांगला आहे, आता फक्त गोळ्या."

बऱ्याच घरांत असंच होतं. प्रेमापोटीच होतं. पण पुढचं ऐका.

फेब्रुवारीत मी साताऱ्याला गेलो. मावशी ओसरीवर बसली होती, शाल पांघरून. मला म्हणाली, "बस. पीएन वन म्हणजे काय रे?"

तिने काकांच्या फोनवरून रिपोर्ट वाचला होता. हॉस्पिटलने त्या नंबरवर पण पाठवला होता, हे आम्हा दोन हुशार माणसांच्या लक्षातच आलं नव्हतं. आणि गूगल तिच्याकडेही होतं. पुढच्या उपचारांबद्दल वाचताना तिला अजून एक शब्द सापडला होता, 'मीडियन सर्व्हायव्हल'.

मी ततपप करायला लागलो. ती म्हणाली, "मीडियन म्हणजे मध्यक. मी तीस वर्षं शिकवलाय. तू सांग, मध्यक म्हणजे काय?"

"मधली संख्या."

"बरं. वर्गात साठ मुलं. मार्कांचा मध्यक बेचाळीस. बेचाळीस मार्क किती जणांना पडले?"

मी विचार केला. साठ ही सम संख्या. म्हणजे तिसावा आणि एकतिसावा यांची सरासरी. एकाला एक्केचाळीस, दुसऱ्याला त्रेचाळीस. मी म्हटलं, "कदाचित कुणालाच नाही."

"मग? निम्मी मुलं वर, निम्मी खाली. वरच्यांत एखादं अठ्ठ्याण्णववालं पण असतं. आणि खाली नापास झालेली असतात, तेही विसरायचं नाही. आता मी कुठल्या बाकावर बसलेय ते तुला माहितीय का?"

"नाही."

"मग 'माहीत नाही' असं सांगायचं. लपवतोस कशाला? पेपर माझा आहे ना?"

मी बीटेकला स्टॅटिस्टिक्सचा पेपर चांगल्या मार्कांनी पास झालोय. ऑफिसमध्ये दर आठवड्याला मीडियन आणि पर्सेंटाइलचे डॅशबोर्ड बघतो. सर्व्हरचा मीडियन रिस्पॉन्स टाइम अमुक आहे म्हणून प्रत्येक रिक्वेस्टला तेवढाच वेळ लागेल, असं मी कधी म्हणणार नाही. पण मावशीच्या बाबतीत मी तेच केलं होतं. गटाचा आकडा घेतला आणि तिच्या कपाळावर तारीख म्हणून चिकटवला.

मध्यकाबद्दल हेच आधी एका शास्त्रज्ञाने लिहून ठेवलंय. स्टीफन जे गूल्ड, हार्वर्डमधले उत्क्रांतीचे अभ्यासक. १९८२ मध्ये त्यांना पोटातला मेसोथेलिओमा झाला. वेगळा कॅन्सर, तोही फार वाईट. त्यांनी लायब्ररीत जाऊन वाचलं तर मध्यक होता आठ महिने. त्यांनी विचार केला की महिन्यांची मोजणी शून्याच्या खाली जाऊ शकत नाही, पण वर तिला मर्यादा नाही. म्हणजे उजवीकडे लांब शेपूट असणार. मग आपण त्या शेपटात असू शकतो का, हे त्यांनी तपासलं. वय, तब्येत, उपचार. १९८५ मध्ये त्यांनी यावर लेख लिहिला, 'द मीडियन इजन्ट द मेसेज'. ते २००२ पर्यंत जगले, वीस वर्षं, आणि गेले ते वेगळ्या कॅन्सरने.

पण हे सांगताना मी तुम्हाला चमत्कार विकत नाहीये. शेपूट असतं म्हणजे आपण त्यातच असू असं नव्हे. तेवढाच अर्थ आहे की एका आकड्यात सगळी गोष्ट मावत नाही.

त्या नऊ टक्क्यांतही काय काय लपलंय बघा. पाच वर्षं जगले का हे मोजायचं तर ते लोक किमान पाच वर्षांपूर्वी आजारी पडलेले असावे लागतात. म्हणजे आकडा जुन्या उपचारांचा. दुसरं, त्यात ऑपरेशन झालेले आणि न झालेले एकत्र आहेत. 'जवळच्या भागात' हा त्यांचा ढोबळ गट आहे, टीएनएमची थ्री-बी नव्हे. तिसरं, आकडा अमेरिकेतला. म्हणून तो खोटा नाही, पण तो मावशीचा नाही.

मग तिचा अंदाज कशावरून बांधायचा? पुढच्या भेटीत मावशी स्वतः डॉक्टरांशी बोलली. आम्ही शेजारी बसलो, तोंड बंद ठेवून. डॉक्टरांनी फार छान समजावलं. तिच्या विरुद्ध काय आहे, तर नोडमध्ये कॅन्सर, रक्तवाहिनीत शिरकाव, गाठ पाचच्या वर. बाजूने काय आहे, तर गाठ एकच, काढलेल्या तुकड्याची कड स्वच्छ, उरलेलं लिव्हर निरोगी आणि ती स्वतः हिंडती-फिरती. ही शेवटची गोष्ट ते शून्य ते पाच अशा इकॉग स्केलवर मांडतात. शून्य म्हणजे सगळी कामं पूर्वीसारखी करतो, चार म्हणजे पूर्ण अंथरुणाला खिळलेला. स्टेजमध्ये ही गोष्ट कुठेच येत नाही, पण पुढचे उपचार झेपतील का ते बरंचसं यावर ठरतं.

मग ते म्हणाले, "परत येण्याची शक्यता न येण्यापेक्षा जास्त आहे. ती कमी करायला सहा महिने कॅपेसिटाबीनच्या गोळ्या देऊ." ब्रिटनमध्ये बिलकॅप नावाची चाचणी झाली होती, पित्तमार्गाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या ४४७ जणांवर. गोळ्या घेतलेल्यांचा मध्यक ५१ महिने, न घेतलेल्यांचा ३६. गणिताच्या कडक कसोटीवर मुख्य निकाल थोडक्यात हुकला, तरी फायद्याचं पारडं जड वाटल्याने या गोळ्या रूढ झाल्या.

मावशीने विचारलं, "म्हणजे मध्यक एक्कावन्न." आणि माझ्याकडे बघून हसली.

गोळ्यांनी हातापायांची कातडी सोलायची, तळवे लाल व्हायचे. तिने आठही सायकल पूर्ण केल्या. मग दर तीन महिन्यांनी स्कॅन. त्या काळात ती जे जगली ते मी तुम्हाला सांगू शकतो, कारण तिला माहीत होतं म्हणूनच ती तसं जगली. शेताच्या सातबाऱ्यावरची भावंडांची भानगड मिटवली. मृत्युपत्र केलं. गल्लीतल्या दहावीच्या चार पोरींना ओसरीवर फुकट गणित शिकवलं. 'रिपोर्ट चांगला आहे' या आमच्या थापेवर ती राहिली असती, तर यातलं बरंच 'पुढच्या वर्षी बघू' म्हणून राहिलं असतं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये स्कॅनला लिव्हरमध्ये पुन्हा तीन गाठी दिसल्या. ऑपरेशन शक्य नव्हतं.

आता इथे पुन्हा आकडे येतात, पण यावेळी आम्ही जरा शहाणे झालो होतो. अशा वेळी मुख्य औषधं म्हणजे जेमसिटाबीन आणि सिस्प्लाटिन. एबीसी-०२ नावाच्या ब्रिटिश चाचणीने ते २०१० मध्ये दाखवलं, ४१० पेशंट. नुसत्या जेमसिटाबीनवर मध्यक ८.१ महिने, दोन्हींवर ११.७. मग २०२२ मध्ये टोपाझ-१ चाचणी आली. त्याच दोन औषधांना डुर्व्हालुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध जोडलं. मध्यक किती झाला? ११.५ वरून १२.८. म्हणजे वाढ सव्वा महिन्याची.

मी म्हटलं, "एवढ्यासाठी एवढे पैसे?" डॉक्टर म्हणाले, "दोन वर्षांचा आकडा बघा." नुसत्या केमोवर दोन वर्षांनी शंभरातले साधारण १० हयात. इम्युनोथेरपी जोडली तर साधारण २५. बघा, मध्यक जेमतेम हलला, पण शेपूट दुप्पट जाड झालं. ज्यांना ते औषध लागू पडतं त्यांना चांगलंच लागू पडतं. नुसता मध्यक बघितला असता तर हे कळलंच नसतं.

जीन टेस्ट पण केली. या प्रकारात काही पेशंटमध्ये एफजीएफआर-२ किंवा आयडीएच-१ या जीनमध्ये बदल सापडतात आणि त्यांच्यासाठी नेमकी गोळी असते. एफजीएफआर-२ साठी पेमिगाटिनिब, आयडीएच-१ साठी आयव्होसिडेनिब. अमेरिकेत ती २०२० आणि २०२१ मध्ये मंजूर झाली. म्हणजे एकाच स्टेजच्या दोन माणसांचं भविष्य जीनमुळे वेगळं असू शकतं, आणि हे टीएनएममध्ये लिहिलेलं नसतं. मावशीत दोन्ही बदल सापडले नाहीत.

इम्युनोथेरपीचा खर्च ऐकून दादा म्हणाला, "शेत विकू." मावशीने सगळं विचारून घेतलं. किती सायकल, किती खर्च, लागू पडेल का हे आधी कळतं का. मग म्हणाली, "शंभरातल्या पंधरा जास्तीच्या जागा आहेत. त्यातली एक मला मिळेल असं कुणी सांगू शकत नाही. शेत राहू दे. केमो घेते." दादा रडला, मीही. आम्ही तिला समजवायचा प्रयत्न केला. ती बदलली नाही.

तिचा निर्णय बरोबर होता का? माहीत नाही. तिच्या जागी चाळिशीचा, लहान मुलं असलेला माणूस असता तर त्याने शेत विकलं असतं आणि तेही बरोबरच असतं. मला एवढंच म्हणायचंय की निर्णय तिचा होता, आणि तो घ्यायला तिच्याकडे पूर्ण आकडे होते.

मावशी सप्टेंबर २०२४ मध्ये गेली. ऑपरेशननंतर दोन वर्षं आठ महिन्यांनी, कॅन्सर परत आल्यावर अकरा महिन्यांनी. शेवटी वेदना आटोक्यात होत्या, कारण पॅलिएटिव्ह केअरची टीम आम्ही बरीच आधी जोडली होती. पॅलिएटिव्ह म्हणजे 'आता काही उरलं नाही' असा अर्थ नसतो. दुखणं, मळमळ, झोप, घरच्यांची घालमेल हे सांभाळणारे ते लोक असतात आणि उपचार चालू असतानाच त्यांना भेटावं. पुण्यात वारज्याला सिप्लाचं असं केंद्र आहे, तिथे मोफत सेवा मिळते.

आता तुमच्यासाठी. उद्या घरातली अशी पीडीएफ तुमच्या फोनवर आली तर गूगल करण्याआधी डॉक्टरांना विचारायचे हे प्रश्न लिहून घ्या.

एक. ही स्टेज स्कॅनवरून काढलेली आहे की ऑपरेशननंतरची? अजून बदलू शकते का?

दोन. किती नोड तपासले, त्यातल्या किती नोडमध्ये कॅन्सर होता? काढलेल्या तुकड्याची कड स्वच्छ आहे का?

तीन. ऑपरेशन शक्य नाही असं म्हणत असाल तर ते कशामुळे? लिव्हरच्या सर्जनने स्कॅन पाहिलाय का? दुसरं मत घ्यायला लाजू नका, डॉक्टरांना त्यात वावगं वाटत नाही.

चार. जीन टेस्ट करायची का, आणि तिच्या निकालाने उपचार खरंच बदलेल का?

पाच. 'किती वेळ आहे' असं विचारण्याऐवजी विचारा, "चांगलं झालं तर किती, नेहमीसारखं झालं तर किती, वाईट झालं तर किती?" ऑस्ट्रेलियातल्या काही कॅन्सरतज्ज्ञांनी वाढलेल्या कॅन्सरसाठी असा ढोबळ हिशेब मांडलाय की साधारण निम्मे पेशंट मध्यकाच्या निम्म्यापासून दुपटीपर्यंतच्या पट्ट्यात असतात. मध्यक बारा महिने असेल तर सहा महिने ते दोन वर्षं. थोडे लोक त्याच्या तिप्पट जगतात, आणि थोडे फार लवकर जातात. एका तारखेपेक्षा हा पट्टा खरा असतो, आणि माणसाला त्यावर काही ठरवता येतं.

सहा, खर्चाचं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारा, बिल झाल्यावर नाही.

आणि या सगळ्याच्या आधीचा प्रश्न डॉक्टरांना नाही, पेशंटला विचारायचा. "तुला किती माहिती हवी आहे?" काही जण म्हणतील, "मला काही सांगू नका, तुम्ही बघा." तेही चालेल, तोही त्यांचाच निर्णय. पण विचारा. आम्ही विचारलंच नव्हतं.

त्या ओसरीवरच्या चार पोरी दहावी पास झाल्या. एकीला गणितात अठ्ठ्याण्णव पडले. निकाल लागला त्या दिवशी मावशी होती. तिने मला फोन करून एवढंच सांगितलं, "बघ, वरच्या बाकावरचं एक सापडलं."

चला मंडळी, आज इथेच थांबतो. हा भाग ज्यांच्या घरी असा आजार आहे त्यांना पाठवा, पण पाठवताना सोबत एक फोनही करा. भेटू पुढच्या भागात.